दोन बोटं मोकळी जागा

तासगावात बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर
रात्रपाळीचा ऑपरेटर आहे मी.
चार अंशांवर पेट्या झोपवायच्या,
काटा हलला तर उठायचं.
गरम खोलीत काहीतरी जागं ठेवायचं,
हे मला नवीन होतं.

बिअर झाली होती, पण मुकी.
पंधरा दिवस डब्यात बुडबुडून दमलेली.
चव होती, वास होता,
जिभेवर मात्र कालच्या तांब्यातलं पाणी.

बूच दाबायचं यंत्र दस्तगीर नदाफांकडून आणलं.
स्टँडमागं त्यांचा सोड्याचा कारखाना,
बंद पडून अकरा वर्षं झाली.
पाटीवर 'नदाफ एरेटेड' एवढंच उरलंय,
'वॉटर' गंजानं पिऊन टाकलं.
कशाला पाहिजे, ते विचारलं नाही त्यांनी.
तेल घातलं, स्प्रिंग बदलून दिली.
मी निघालो तेव्हा म्हणाले, "आणि सिलिंडर?"

"सिलिंडर नाही मामू.
चिमूटभर साखर घालायची, बूच मारायचं.
आतलं यीस्ट ती खातं,
गॅस आतल्या आतच होतो."

चाळीस वर्षं बाहेरून गॅस भरलेला माणूस
माझ्याकडं बघत राहिला,
जणू मी त्यांच्या वहीतली
बेरीज खोडून दाखवली.

लिटरला सहा ग्रॅम.
झुंबर पोतदाराच्या काट्यावर तोलून आणली साखर.
तो म्हणाला, घट किती धरू?
उकळली, निवू दिली, हलक्या हातानं मिसळली,
नळीनं बाटल्या भरल्या.
एकवीस काचेच्या, एक प्लास्टिकची,
दाबून बघायला.
पहिल्या दिवशी ती पिकल्या केळासारखी दबली.
पाचव्या दिवशी सायकलच्या ट्यूबसारखी.
नवव्या दिवशी अंगठाच मागं सरला.

मामू रोज यायचे, अस्रची नमाज उरकून.
चपला उंबऱ्याबाहेर, हात पाठीमागं.
बाटलीला शिवायचे नाहीत.
"उजेडाकडं धर," म्हणायचे. मी धरायचो.
तळाला गाळ, दळणाच्या जात्याभोवती उरतं
तेवढंच पीठ.
"काय म्हणतंय?"
दवाखान्यात विचारतात तसं.

अकराव्या दुपारी एक फुटली.
पत्रा तापलेला, मी झोपलेला,
भिंतीवर काचा आणि आंबूस वास.
मामूंनी तुकडे बघितले, मानेचा तुकडा उचलला.
"ही गच्च भरलीस व्हय?"
भरली होती. शेवटची होती,
राहिलेलं वाया जाऊ नये म्हणून काठोकाठ.
"उन्हात पाणीबी अंग ताणतंय, बाळा.
त्याला जायाला कुठंतरी ठेवावं लागतंय.
दोन बोटं."
आणि डावा हात पुढं केला.
अंगठा, पहिलं बोट, करंगळी.
मधे काही नव्हतं.
"ब्याऐंशी साल," म्हणाले, "उरसाची गर्दी,
ऑर्डर मोठी होती."
मी झाडू आणायला आत गेलो,
जरा जास्तच वेळ लावला.

मग दोन रात्री एक बाटली माझ्याबरोबर ड्यूटीवर,
बेदाण्याच्या पेट्यांमागं, चार अंशांवर.
कुणाच्या नोंदवहीत नाही.

"मी पिनार न्हाई, तुला ठावं हाय.
पर उघडताना मला बोलीव."

बोलावलं. आल्यावर पंखा बंद करायला लावला,
डोळे मिटले.
मी ओपनर लावला.

सोड्याचा आवाज थोबाडीत मारल्यासारखा असायचा,
त्यांचा तरी.
हा तसा नव्हता. कुणीतरी झोपेत कूस बदलावी,
आणि म्हणावं, हं, जागा आहे.

मामूंनी बूच उचलून खिशात टाकलं.
मी ग्लास तिरका धरून ओतली,
गाळ तळाशीच राहू दिला.
फेस चढला, थांबला.

किती आला ते बघायला
त्यांनी डावा हात ग्लासाला लावला,
मग काढून घेतला,
आणि उजवा लावला.