नाव घासायचे वीस रुपये

खडकी बाजारात, टेलरच्या गाळ्याला लागून
मुदलियारांचं दुकान. पाटीवर आडनाव नाही,
नुसतं लिहिलंय: जुनं घेतो, जुनं देतो.
खाली बारीक अक्षरात, वेगळ्या रंगात:
वस्तू इथेच बघून घ्यावी.
घरी नेऊन बघितलेलं आम्ही बघत नाही.

मी यादी नेली होती.
कुकर, पातेलं, दोन ताटं.
रिक्षात दोनचं एक केलं,
उतरताना परत दोन.
कुणी आलं तर.

षण्मुगम मुदलियार रेडिओ उलटा घालून बसलेले.
मान वर न करता म्हणाले,
आधी पंख्याखाली उभ्या राहा.
आजोबांचे आजोबा पलटणीबरोबर मद्रासहून आले
हे मला तिसऱ्या मिनिटाला कळलं,
कुकरचं काय, हे कनकम्माबाईंवर सोपवलेलं.
त्यांनी त्यात भांडंभर पाणी ओतलं,
मागच्या शेगडीवर चढवला.
तीन शिट्ट्या ऐका, मग पर्स उघडा.
लिफ्टमध्ये अनोळखी माणसं उभी राहतात
तशा आम्ही दोघी उभ्या,
शिट्टीकडे बघत.

त्यांची नात याळिनी
विकायच्या सोफ्यावर मांडी घालून
कोकणाला हिरवा रंग देत होती.
हा माझा सातवा, ती म्हणाली.
आधीचा निळा होता. तो दापोडीला गेला.
आवाजात दुःख नव्हतं,
फक्त पत्ता होता.

पातेलं मला उतरंडीच्या तळाशी सापडलं.
काठाखाली ठोक्याठोक्याने कोरलेलं:
चि. सौ. कां. शैला हिस,
पळसुले मंडळींकडून, ८-५-७९.
आत, बुडाशी, एक तपकिरी कडं,
घासून घासून फिकं झालेलं.
कधीतरी दूध लागलं असणार,
शैलाबाई दाराशी कुणाशी बोलत असतील,
किंवा आत, दार लावून, भांडत.

दिनकरन म्हणाला, नाव घासून देतो ताई,
वीस रुपये.
पण पत्रा तिथं जरा पातळ होतो.

कोथरूडच्या ओट्यावर माझी भांडी आहेत अजून.
म्हणजे त्या नावाची,
जे तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलं गेलं,
सगळ्यांनी वाकून वाचलं,
आणि मी सगळ्यात शेवटी, उलटं,
कारण ताट त्यांच्या बाजूला होतं.
एकोणीस वर्षं त्या नावाला ओ दिली.
आईने ठेवलेलं नाव
एकाही डब्यावर नाही.

राहू दे, मी म्हणाले. असंच द्या.

घालूनही देतो, तो म्हणाला. मशीन आहे.
काय घालू?

साधा प्रश्न. पंखा फिरत होता.
याळिनीने मान वर केली,
कनकम्माबाईंनी चिंधीने कुकर पुसायचा थांबवला.
मला ओठांवर दोन्ही नावं आली
आणि दोन्ही
दुसऱ्या कुणाची वाटली.

पुढच्या वेळी सांगते.

बरं, तो म्हणाला, आणि पातेल्यात ताटं,
ताटांवर शिट्टी, कागदात बांधून,
असं सगळं एकात एक बसवून दिलं.
षण्मुगमांनी एकूण पाचशे चाळीसमधले चाळीस सोडले.
मी भाव केला नव्हता.
तेच थोडं लागलं.

संध्याकाळी चहा केला. पातेलं मोठं,
चहा तळाशी, त्या कड्याच्या आत मावेल इतकाच.
नाव माझ्याकडे तोंड करून.
शैलाबाई, मी साखर कमी घालते हं,
मी मोठ्याने म्हणाले,
आणि माझाच आवाज
रिकाम्या खोलीत मला आवडला.

परवा पुन्हा गेले, पोळपाट हवा होता.
याळिनी तपकिरी सोफ्यावर,
एका कडेला सरकून, उशी पाठीशी दाबून.
आठवा?
हो, ती म्हणाली. स्प्रिंग टोचते याची.
मग वहीत डोकं घालून, जरा खुशीतच:
लवकर नाही जायचा.