आळ

वीस वर्षं कुताईसीच्या आमच्या गल्लीला ठाऊक होतं,
झाउरीच्या पोटातला अल्सर मी दिलाय.
माझ्या अजिकेतल्या लाल मिरचीनं,
नाहीतर माझ्या जिभेनं.

रात्री दोनला उठायचा,
बरगड्यांखाली मूठ दाबून
शिळा पाव दुधात बुडवून खायचा.
जरा निवायचं. पुन्हा पेटायचं.
सासूबाई म्हणायच्या, बायको शांत असती तर...
मी मिरची बंद केली. मग बोलणंही.

मार्चमध्ये शौचाला काळं झालं, तेव्हा कुठे दवाखाना.
डॉक्टरीण पोरसवदा. नळी घालून जखम पाहिली,
कणभर तुकडा तपासला, म्हणाली,
जंतू आहे. लहानपणीच शिरला असणार.

लहानपणी!
तेव्हा मी रिओनीच्या पलीकडच्या काठावर
दोरीच्या उड्या मारत होते.

चौदा दिवस मूठमूठ गोळ्या.
तोंडाला लोखंडाची चव येते म्हणून कुरकुरला.
कंबरदुखीच्या जुन्या गोळ्या तिनं बंदच करायला लावल्या.
पुढे महिन्यानं पिशवीत फुंकून घेतलं: जंतू गेला.

माफी कुणी मागितली नाही.
पण रविवारी खलबत्ता वाजला.
झाउरी मिरच्या कुटत होता, डोळे पुसत.
नानुली, मीठ किती?

सांगितलं. मग
वीस वर्षांचं बाकीचंही सांगायला बसले.