तीसपर्यंत

पाण्याचा फोटो काढायचा तर आधी उजेड कमी करावा लागतो,
जावई म्हणाला,
आणि भिंगावर एक काळी काच फिरवून बसवली,
आट्यांची. उजवीकडे अडीच फेरे.
आटे मला कळतात.

एकतीस वर्षं वाकोल्याच्या गल्ल्यांमध्ये
पहाटे चार दहाला रस्त्यातलं झाकण उचललं,
खांद्याएवढी लोखंडी चावी आत सोडली
आणि मोजत फिरवली : नाल्यापलीकडच्या चाळींना सदतीस आटे,
चढावरच्यांना बावीस.
मग चावीच्या दांड्याला कान.
आधी सुस्कारा येतो, हवेचा. मग खडखड.
मग पाणी.
मी ते ऐकलं. पाहिलं इतरांनी,
हंड्यांत पडताना,
आणि माझं घड्याळ दोन मिनिटं मागं असलं तर
माझ्या आईचा उद्धार करत.

आता खारदांड्याच्या खडकांवर
ओहोटी लागताना तिवई रोवतो.
एका पायाखाली रबरी चप्पल, नाहीतर घसरते.
बटण दाबतो आणि श्वाससुद्धा बेतानं.
एक, दोन,
आत पडदा उघडाच; लाट येते, फुटते,
खडकाच्या बगलेतून मागे सरते,
दुसरी तिच्या अंगावरून,
सगळ्या एकाच जागी साठत जातात.
तीसला बंद.

पहिल्या दिवशी वाटलं, कॅमेरा बिघडलाय.
समुद्र नव्हताच. खडकांभोवती
भाताची पेज ओतावी तसं काहीतरी, निवत चाललेलं.
जावई म्हणाला, वा!
मी म्हणालो, असं पाणी मी कधी पाहिलं नाही.
कुणीच नाही पाहिलेलं, बाबा.
हे त्याचं वाक्य दोन दिवस डोक्यात राहिलं,
दातात अडकलेल्या बडीशेपेसारखं.

चांगुणाबाय तिथेच कालवं फोडते.
उकिडवी, हातात लोखंडी चोच,
टक, टक, शिंपल्याचं झाकण उडतं,
आतला ओला जीव डब्यात.
माझं मोजणं तिच्या ठेक्यानं चुकतं :
मी सतरावर असतो, ती कधीच चाळिसाच्या पुढे.

एकदा येऊन वाकली.
"यान मी कय हाय?"
शोधलं. तिचा डबा होता, स्वच्छ,
त्याच्यावरची डालड्याची पुसट अक्षरंसुद्धा.
आणि ती बसली होती तिथे
खडकावर जरासं धूसर,
कुणी ओला हात पुसून गेल्यासारखं.
"बाय, तू हलत होतीस. हलणारं यात उरत नाही."
"बसूनच र्‍हायली तं खाऊ काय?"
हसली, आणि पुन्हा टक, टक.

वाकोल्याचा असा कुणी फोटो काढला असता,
एकतीस वर्षं पडदा उघडा ठेवून,
तर हंड्यांची रांग दिसली असती. चाळीतले बल्ब.
रस्त्यातलं झाकण, जरा सरकवलेलं.
भांडणं नसती दिसली. मीही.
वाटलं होतं, याचं वाईट वाटेल.
पण घरी जाऊन दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

आज तिला म्हटलं, एकदाच बस. तीसपर्यंत.
"मोठ्यानं मोज मंग."
मोजलं. ती बसली, चौकीत बोलावल्यासारखी ताठ.
अकरापर्यंत हात मांडीवर होते,
मग आपले आपण डब्यातली कालवं चाचपू लागले.
फोटोत तिचा चेहरा आहे,
नथीच्या भोकासकट, कपाळावरच्या आठीसकट.
मनगटापुढे धूर.
"आन हात?"
मी काही बोललो नाही.
"जाऊ दे," म्हणाली, "त्ये कामावर हायेत."

भरती लागली. काळी काच काढली,
डावीकडे अडीच फेरे.
तिवई उचलण्याआधी, का कोण जाणे, सवयीनं
तिच्या दांड्याला कान लावला.
आधी सुस्कारा आला, हवेचा.
मग खडकातून, पायातून, दांड्यातून वर
टक,
टक.