एक बोट जागा

ब्रॅडफर्डहून भाच्यानं टोपी पाठवली.
चपटी, लोकरीची, राखाडी चौकटींची,
पुढे आखूड चोच.
सोबत चिठ्ठी : मामा, इथले गिरणीवाले अशीच घालायचे.
गिरण्या तिथल्याही बंद पडल्यात,
ते चिठ्ठीत नव्हतं. फोनवर बोलला होता मागे.

घातली तर थेट कानांवर बसली.
पुढे ओढली की भरदुपारी अंधार,
मागे सारली की मानेवरून घरंगळते.
अंबूबाई भाकरी थापता थापता म्हणाली,
पातेलं लहान, झाकण मोठं.

एप्रिल. पारा बेचाळीस.
आणि मी हातात लोकर घेऊन
मधल्या मारुतीमागच्या बोळात शिरलो.
मौलालीचाचाचं दुकान म्हणजे एक फळी, एक मशीन,
भिंतीलगत लाकडाची सात डोकी.
एकाला तडा गेलाय. त्यावर तो चष्मा ठेवतो.

हलू नको रे चिप्पा, म्हणाला.
कानांच्या वरून, भुवयांच्या वर एक बोट सोडून
टेप फिरवली.
टेपचा पहिला इंच केव्हाच झिजून गेलाय.
तेवीस वाचतो, बावीस सांगतो.
पगारातली वजाबाकी मी उभ्या जन्मात भरपूर पाहिली,
एवढी सरळ ही पहिलीच.

मग त्यानं लाल कापडी वही काढली.
थुंकीनं पानं उलटत गेला.
कोंडा, साडेएकवीस. येमूल, तेवीस.
दासरीच्या पुढे काहीच नाही, नुसती रेघ.
मी दुसरीकडे बघितलं, बोळात एक शेळी कागद खात होती.
हे बघ. चिप्पा राजेशम, वाइंडिंग खातं,
सन अठ्ठ्याहत्तर, लग्नाची टोपी : साडेबावीस.

अर्धा इंच कुठं गेला, चाचा?
केस गेले की.
केस एवढे जाड असतात होय?
तो हसला, तोंडातला दोरा न काढता.
तेव्हा तुझ्या केसांत कापूस असायचा रे.
पाळी सुटली की तुम्ही सगळे पांढरे होऊन यायचे,
पंचविशीतले म्हातारे.
मिलवाल्यांची मापं मी ढिलीच धरायचो.

मी डोक्यावरून हात फिरवला.
हाताला काही लागलं नाही.

त्यानं आतली पट्टी उसवली,
फळीखालून जुन्या चादरीची किनार काढली,
लाल, अजून रंग न सोडलेली,
दोन पदरी दुमडून आत टाचली.
विलायती लोकरीत सोलापुरी सूत.
म्हणाला, हे घाम पितं, ती नुसती तापते.

घालून दिली. चोच जराशी डावीकडे.
वाऱ्यानं उडू नये, सलामाला अडू नये,
एवढंच बघायचं असतं.
आणि कपाळ नि किनार यांच्यामध्ये
आपलं बोट सरकवून पाहिलं,
करंगळीशेजारचं, सुईनं टोचून टोचून टणक झालेलं.
एक बोट जावं. दोन गेली तर ढिली,
एकही गेलं नाही तर संध्याकाळी डोकं उठतं.

बोनस म्हणून, पतपेढी म्हणून, प्लॉट म्हणून
टोपी घालणारे मला जन्मभर भेटले.
बसवणारा हा एकच.

तीस रुपये घेतले.
वहीत साडेबावीसच्या खाली बावीस लिहिलं.
वरचा आकडा खोडला नाही.

घरी आलो. अंबूबाई म्हणाली, ड्रायव्हर दिसताय कुणाचे तरी.
जेवायला बसताना तरी काढा.
काढतो म्हटलं, जरा थांब.
येताना वाटभर कपाळापाशी
काहीतरी गार गार लागत होतं.
वारं तर काल रात्रीपासून पडलेलं.
चाचानं बोट काढलंय की नाही,
ते आठवत होतो.