उसवताना

क्लाक्सविकला नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
तेव्हापासून जेवणापर्यंत मी कॉम्प्युटरपुढे,
सात बोटींचे हिशेब आणि विणकामाचे नमुने
एकाच यंत्रावर, गेली नऊ वर्षं.

हल्ली ते सुरू होईस्तोवर
माझी एक ओळ विणून होते.
काल दोन झाल्या.

शेजारचा यालग्रिम म्हणाला, मारयून, काढून टाक सगळं,
त्यात काय एवढं!
तो जाळंही असंच कापतो,
गाठ सोडवत बसत नाही.

मी यादी उघडली.
तीन वर्षांपूर्वी भंगारात दिलेल्या प्रिंटरचा प्रोग्राम
अजून रोज सकाळी उठतो
आणि त्याला घरभर शोधतो.
सुन्वाचा मुलगा ऑर्हूसला शिकायला गेला,
त्याचे दोन खेळ इथंच राहिलेत.
एक हवामान सांगणारा,
माझ्या खिडकीपेक्षा नेहमी तासभर मागं.
आणि एक टूलबार. त्याला कधी घरात घेतलं
शपथेवर सांगते, आठवत नाही.

प्रिंटरवाल्याला म्हटलं, जा.
तो म्हणाला, मला काढायचं तर
आधी प्रिंटर जोडा.

मग शोधायला लागले, असल्यांना उपटून काढणारं साधन.
पहिलंच आलं लाल अक्षरांत ओरडत:
तुमच्याकडे एक हजार चारशे सतरा चुका सापडल्या!
अरे बाबा, कपाट न उघडता
माझ्या लोकरीतली कसर मोजलीस कशी?
मोजणं फुकट,
मारायचे पंचेचाळीस युरो.

दुसरं बरं वाटलं. करणाऱ्याचं नाव होतं, पत्ता होता.
त्याच्याच घरून आणलं,
मधल्या व्यापाऱ्याकडून नाही.
तरीसुद्धा तिसऱ्या खिडकीत
आधीच बरोबरची खूण केलेला एक चौकोन:
सोबत हा ब्राउझरही घ्या.
एकाला घालवायला निघाले तर दुसरा
पायपुसण्यावर बूट घासत आत येत होता.
खूण पुसली.

अवघड नक्षी उसवण्याआधी
आई चांगल्या टाक्यांच्या ओळीतून
एक लाल दोरा ओवून ठेवायची.
चुकलंच तर तिथपर्यंत उसवेल,
त्याच्या खाली नाही.
यंत्रातही तसा दोरा ओवता येतो,
त्याला रिस्टोअर पॉइंट म्हणतात.
ओवला. तारीख घातली.
बोटींचे हिशेब वेगळ्या डिस्कवर घेतले
आणि डिस्क ठेवली पावाच्या डब्यात.

मग एकेक.
ज्याला स्वतःचं दार होतं
त्याला त्याच दाराने जाऊ दिलं.
खेळ गेले. हवामान गेलं. टूलबार कुरकुरत गेला.
प्रिंटरवाल्यावर मात्र नवं हत्यार चालवावं लागलं.
तो गेला, आणि त्याने मागं काय काय सोडलं
त्याच्या दोनशे बारा ओळी समोर आल्या.
सगळं निवडा, हे बटण सगळ्यांत मोठं.

मी वाचत बसले.
जिथं प्रिंटरचं नाव, ते काढलं.
जिथं कुणाचंच नाव नाही
त्यातलं एक काढलं.
मासा चुलीवर होता. घाई झाली.

नमुन्यांचा प्रोग्राम उघडेना.
म्हणे एक फाइल सापडत नाही.
एकच धागा दोन स्वेटरांत विणलेला,
मला वाटलं होतं, लोंबतोय नुसता.

लाल दोऱ्यापर्यंत उसवलं.
वीस मिनिटं आणि एक करपलेला मासा.
नमुने परत आले,
अर्थात प्रिंटरवालाही आला.
त्याला पुन्हा काढला, जेवून, चष्मा लावून.
निनावी ओळी राहू दिल्या.
कुणाच्या तरी असतील.

यालग्रिमने विचारलं, मग किती जागा झाली?
फार नाही रे.
अजून अर्धी ओळ विणून होतेच.

पण आज सकाळी यंत्र जागं झालं
आणि कुणी कुणाला शोधलं नाही.