धुलाई

निकाल मला कुणी सांगावा लागत नाही.
रविवारी रात्री एवाल्ड दारात पिशवी टेकवतो,
बसची किल्ली बोटात फिरवत म्हणतो, "तेरा नग, मोजून घे,"
आणि चेन उघडायच्या आधीच मी वासावरून सांगते :
शहरवाल्यांशी होता ना? बरोबरी?
तो मान हलवतो. अडतिसाव्या वर्षी
गोलरक्षकाची मान जेवढी हलते तेवढी.

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात,
माझी चिखलावरून.
मांडीला माती, म्हणजे शेवटची वीस मिनिटं
सगळे आपल्याच गोलसमोर घसरत होते.
पाठीला माती, म्हणजे पाडलं, पंचाने पाहिलं नाही.
पाच नंबरच्या गळ्याशी रक्त : आखिमचं नाक, नेहमीचंच.
गार पाणी, मीठ. घासायचं नाही, नुसतं दाबायचं.

ऑक्टोबरात आम्ही पहिल्या नंबरवाल्यांना हरवलं.
त्यांच्याकडे मध्यंतरात बदलायला वेगळा जोड असतो,
कोरडा, इस्त्रीचा,
डॉक्टर असतो, दिवे असतात, दिव्यांखाली खरं गवत असतं.
आमच्याकडे रुफिन होता, गोदामातली रात्रपाळी करून आलेला.
नव्वदाव्या मिनिटाला त्याने चेंडूबरोबर
स्वतःलाही जाळ्यात नेऊन टाकलं.
त्या रात्री टबातलं पाणी इतकं काळं झालं
की मला आलोइझ आठवला,
खाण बंद व्हायच्या आधीचा,
रोज संध्याकाळी भिजत घातलेला त्याचा सदरा.
मी बूच लगेच काढलं नाही.

पुढच्या रविवारी तळाच्या संघाशी.
ये रे माझ्या मागल्या.
शून्य-दोन.
पिशवी उघडली तर जर्स्या जवळपास स्वच्छ,
घामसुद्धा बेताचा.
तेव्हा मी पहिल्यांदा एवाल्डवर ओरडले :
मोठ्यांनी धुलाई केली तर ती मी धुईन रे,
पण हे?
ह्यातलं मी काय धुऊ?

सातवे. नववे. सातवे. आठवे. पुन्हा नववे.
हुबेर्ट शाळेत भूगोल शिकवतो, संध्याकाळी आमचा प्रशिक्षक.
वर्गाच्याच फळ्यावर तो 'सातत्य' असं लिहितो,
खाली दोन रेघा ओढतो,
आणि सोमवारी सकाळी ते पुसतं
सहावीतलं कुणीतरी पोर.
मंगळवारी सरावाला सहा जण येतात,
गुरुवारी दुसरे सहा.
पास द्यायचा तर आधी ओळख तर व्हायला हवी.

पिवळा रंग आता लिंबाच्या सालीइतकाच उरलाय.
आठ नंबर हरवला, म्हणून जुन्या तीनवर
मीच दुसरा अर्धा तीन उलटा शिवला.
लांबून आठ दिसतो.
जवळून कुणी बघत नाही,
फक्त शहरवाल्यांचा तो उंच बचावपटू हसला म्हणे,
आणि मग त्याच आठाने त्याला दोनदा चकवलं.
हे मला तीन जणांनी सांगितलं, तिघांनी वेगवेगळं.

जानेवारीत सामने नसतात. जर्स्या तरी मी एकदा
बाहेर टाकते, कपाटाचा वास जायला.
गोठतात. फळीसारख्या ताठ होतात.
तारेवर तेरा जण, हात पसरून,
एकमेकांपासून सारख्या अंतरावर,
कुणी जागा सोडत नाही.
हुबेर्टला बोलावून दाखवलं एकदा.
तो बराच वेळ उभा राहिला, म्हणाला,
"गेरट्रूडा, ह्यांनाच खेळवू या."

आज मार्च. परतीचा सामना, त्यांच्या मैदानावर.
तीन दिवस पाऊस, तार रिकामी,
स्वयंपाकघरात खुर्च्यांच्या पाठींवर सगळा संघ,
दोन नंबर किटलीच्या वाफेत.
खाली एवाल्ड हॉर्न वाजवतोय.
बारा घड्या घालून झाल्या.
अकराची डावी बाही अजून ओली आहे,
आणि माझ्या हातात केस वाळवायचं यंत्र,
ते गरम झालं की आपोआप बंद पडतं.
थांब म्हणावं.
रुफिनला ओल्या बाहीने नाही पाठवणार मी.
वाजव, वाजव अजून.