आयत्या वेळचे विषय

मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले.
वाचलं मी. वही माझ्याकडेच असते.
कायम काय झालं ते विचारू नका.
जागा: तालमीमागची खोली,
भिंतीला टेकलेले मुदगल, तेल प्यालेल्या मातीचा वास.
हजर अकरा. गणपूर्तीला एक कमी,
म्हणून चहा घेऊन आलेल्या तौफिकला सभासद करून घेतलं,
वर्गणी दहा रुपये, चहाच्या बिलातून वळती.

विषय पहिला, आणि खरं तर एकच:
कासेवाडीच्या वळणावरचा महापालिकेचा दवाखाना.
वेळ सकाळी नऊ ते बारा.
वैजयंता ओव्हाळ उभ्या राहिल्या, म्हणाल्या,
नऊ ते बारा मी कॅम्पात चार घरची भांडी घासते.
आजारी पडायचं तर रविवारी पडावं लागतं,
आणि रविवारी तुमचं कुलूप.
मी लिहिलं, हशा.
मग खोडलं. त्या हसत नव्हत्या.

अजीजभाई तांबोळींनी माहिती अधिकारातलं उत्तर वाचलं.
डॉक्टरचं पद मंजूर आहे. पद रिक्त आहे.
रिक्त पदासाठी खुर्ची मात्र खरेदी झाली आहे,
फिरती, पाठीला आधार असलेली.
परांडेकर मास्तरांनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली,
आरोग्य हा हक्क, नगर म्हणजे काय, नागरिक म्हणजे कोण,
आणि नेहमीप्रमाणे वीज गेली.
अंधारात कुणीतरी म्हणालं,
आवाज बाईचा होता, मला ओळखू आला नाही,
अर्ज पुष्कळ झाले. जाऊन बसू या.

ठराव: बसावे.
सूचक माहीत नाही. अनुमोदन सर्वांचे.

बसलो.
संध्याकाळी पाच ते नऊ, बंद शटरसमोरच्या बाकावर,
दोघं दोघं, पाळीनं.
घोषणा नाही, फलक नाही,
एक वही आणि बाकाच्या पायाला दोरीनं बांधलेलं पेन.
येईल त्याचं नाव, काय होतंय, इथून कुठे गेला.
पहिल्या दिवशी चौघं.
कुत्रा चावलेला एक मुलगा, ससूनला पाठवला.
पुढं पुढं लोक मुद्दाम येऊ लागले,
दवाखाना बंद आहे हे ठाऊक असून,
नुसतं सांगायला.
गुडघा. साखर. रात्रीची धाप.
एक गृहस्थ म्हणाले, मला काही होत नाही,
बायकोचं नाव लिहायचं राहिलंय.
ती गेल्या साली इथूनच परत गेली होती.
लिहिलं. तारखेचा रकाना मोकळा ठेवला.

अठरा दिवस, तीनशे बारा नावं.
क्षेत्रीय कार्यालयातल्या साहेबांनी पानं उलटली,
एका पानावर थांबले, का ते कळलं नाही,
मग विचारलं, हे कुठल्या नमुन्यात आहे?
वैजयंताबाई म्हणाल्या, माणसांच्या.
हे वाक्य इतिवृत्तात घ्यावं की नाही
यावर मतभेद झाले. घेतलं आहे.

पाटी नव्यानं रंगवली:
सकाळी नऊ ते बारा, संध्याकाळी पाच ते आठ.
रंग ओला असतानाच कुणाचं तरी बोट लागलं,
पाचाला शेपूट फुटलं आहे.
डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस येतात, उशिरा,
त्या फिरत्या खुर्चीवर अवघडून बसतात.
मास्तर म्हणाले, हा विजय.
अजीजभाई म्हणाले, हा पहिला हप्ता.
दोन्ही नोंदवलं.

अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय:
काल मीच गेले.
सगळ्यांची दुखणी लिहून घेणारी मी,
बाकावर बसले, नंबर सातवा.
नर्सनं नाव विचारलं
तर सवयीनं आडनाव आधी सांगितलं.
रक्तदाब वर निघाला.
किती दिवसांपासून, तिनं विचारलं,
आणि मला, वहीवालीला, सांगता येईना.

बाकाच्या पायाला दोरी अजून आहे.
पेन कुणी नेलं ठाऊक नाही.
नव्या पेनाचा खर्च, रुपये दहा,
मंजूर व्हावा.